शेंगा चटणीच्या पाकिटाला १९६०च्या दशकातला बाज कसा द्यावा?

सोलापुरी शेंगा चटणीच्या पाकिटावर ऑप आर्ट (डोळ्यांना भास घडवणारी भौमितिक चित्रकला) आणि लंडनच्या 'मॉड' म्हणवणाऱ्या फॅशनेबल तरुणाईचा बाज नक्की शोभेल, पण नुसती नक्कल नको. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीने १९६१च्या सुमारास निव्वळ काळ्या-पांढऱ्या चौकोनांतून डोळ्यांना हलल्याचा भास करून दिला. स्कूटरवरून फिरणाऱ्या मॉड पोरांनी ब्रिटिश हवाई दलाचं लाल-पांढरं-निळं वर्तुळ कपड्यांवर मिरवलं.

आता आपली सोलापुरी जकार्ड (मागावरच नक्षी विणलेली) चादर जवळून बघा. विणकामामुळे फुलाची कडासुद्धा पायऱ्यापायऱ्यांची दिसते. रायलीच्या चौकोनांशी तिचं छान जमतं! माझ्या मते तीच कडा मोठी करून दोनच रंगांत घ्या: चटणीचा विटकरी आणि काळा. पाकीट दुकानात लांबूनही उठून दिसेल.

फार बारीक रेषा टाळा, छपाईत शाई पसरून त्या एकमेकींत मिसळतात. साधं खाकी कागदी पाकीटही नको. शेंगदाण्याचं तेल झिरपून डाग पडतात, आतून लॅमिनेशन हवंच. आणि मॉड वर्तुळ हिरव्या रंगात, चौकटीत काढू नका. शाकाहारी खुणेशी गोंधळ होईल.