आरशांविना लेझर: पावडरीत प्रकाश वाढतो कसा?

ताई, तुमचा प्रश्न असा: लेझरला समोरासमोर दोन आरसे लागतात असं बीएस्सीला शिकलो, मग नुसत्या पावडरीतून लेझर कसा निघेल? विखुरल्यामुळे प्रकाश वायाच जातो ना?

आरशांच्या लेझरमध्ये जातो, खरं आहे. पण आपल्याकडच्या कापसाकडे बघा. त्याचा एकेक तंतू जवळजवळ पारदर्शक. तरी जिनिंगच्या आवारातली गंजी पांढरीशुभ्र दिसते, कारण आत शिरलेला प्रकाश तंतूंवर पुन्हापुन्हा दिशा बदलून मगच बाहेर पडतो. तो नाहीसा होत नाही, त्याचा आतला मुक्काम वाढतो. आरसे तरी वेगळं काय करतात? प्रकाशाला माध्यमातच खेळवत ठेवतात.

आता हा मुक्काम अशा माध्यमात घडवा, ज्यात बाहेरून ऊर्जा भरलेली आहे. वाटेत एक फोटॉन (प्रकाशाचा कण) दुसऱ्याला सोडवतो, म्हणजे तेच उत्तेजित उत्सर्जन. ही वाढ सगळ्या आकारमानात होते, गळती मात्र फक्त पृष्ठभागातून. त्यामुळे ढीग पुरेसा मोठा किंवा ऊर्जा पुरेशी असली की वाढ गळतीवर मात करते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेतोखोव यांनी 1960 च्या दशकातच हे मांडलं होतं. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांचं गणितही याच धाटणीचं आहे.

1994 मध्ये लवांडी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी रोडामाइन या चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मिसळले; भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. दुसऱ्या लेझरचे झटके दिल्यावर एका मर्यादेपुढे द्रावणातून निघणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या रंगांचा पट्टा, एकदम अरुंद झाला. 1999 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हुई काओ यांच्या गटाला झिंक ऑक्साइडच्या पावडरीच्या वर्णपटात सुटसुटीत, बारीक रेषा दिसल्या. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की पावडरीवरची जागा बदलली की रेषाही बदलतात. कणांची तिथली मांडणीच आरशांचं काम करते.

किंमत मोजावी लागते ती दिशेची. सरळ झोत मिळत नाही, प्रकाश सगळीकडे पसरतो. पण लेझरच्या उजेडात चित्रावर येणारे ठिपके यात टाळता येतात. 2012 मध्ये काओ यांच्याच गटाने ते दाखवलं.

शाळेत दाखवायचं असेल तर अंधारात कापसाच्या जाड बोळ्यावर लेझर पॉइंटर धरा. ठिपक्याभोवती उजेड आत पसरलेला दिसेल. हा लेझर नव्हे, कापसात प्रकाश वाढवणारं काही नाही. मुलांना एवढं स्पष्ट सांगा. आणि पॉइंटर कुणाच्या डोळ्यांकडे जाऊ देऊ नका.