वहीतलं ते पान मी तीनदा वाचलं

प्रश्न : मुलाला बारावी कॉमर्सला ७१ टक्के मिळाले. वेंगुर्ल्यात आमचं किराणा दुकान आहे. त्याने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं मला वाटतं. तो म्हणतो, विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉल कोच होणार आणि जन्मभर तेच करणार. जिल्ह्याच्या संघात दोनदा निवड झाली नाही, तरी डोळे उघडत नाहीत. रोज संध्याकाळी वाडीतली पोरं गोळा करून खेळवत बसतो. शेवटी मी त्याचे बूट कपाटात घालून कुलूप लावलं. त्याचे उद्योग कळावेत म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो पाठवतो. त्याला समजवा.

उत्तर : आधी त्या कुलपाबद्दल बोलू. अठरा वर्षांच्या मुलाचे बूट कोंडून ठेवले म्हणून त्याचा फुटबॉल सुटत नाही, त्याचं तुमच्याशी बोलणं सुटतं. आणि ‘डोळे उघडत नाहीत’ हे तुम्ही त्याच्या तोंडावरही म्हणत असणार. निवड झाली नाही ते त्याने दोनदा सोसलंय. घरात रोज तेच ऐकवणं थांबवा.

आता ते पान. तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून धाडलंत, मी ते तीनदा वाचलं. बावीस मुलांची नावं, पुढे हजेरी. ‘ओंकार – डावा पाय वापरायला घाबरतो. रोज भिंतीवर पन्नास.’ ‘साहिल – हरला की रडतो. त्याला गोलकीपर ठेवायचा नाही, सगळे त्यालाच बोलतात.’ खाली कोपऱ्यात, ‘भरतीला पुळणीवर जागा कमी, दोन गट करायचे.’ अहो, तुमच्याकडे उधारीची वही असेलच. कुठल्या गिऱ्हाइकासाठी किती थांबायचं, हे तुम्हाला माणूस बघून कळतं. त्याला पोरं बघून कळतंय. हे कोणी शिकवलेलं नाही.

‘जो स्वतः संघात बसला नाही, तो काय कोच होणार?’ हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो चुकीचा आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्ण जिंकलं, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. इटलीचे आरिगो साकी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत. त्यांच्या मिलान संघाने १९८९ आणि १९९० असा सलग दोनदा युरोपियन कप नेला. खेळणं आणि खेळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. विद्यापीठात तर जास्तच. तिथे तीन वर्षांत पोरं पदवी घेऊन निघून जातात, आणि कोचला दर पावसाळ्यात नव्या पोरांचा संघ पहिल्यापासून बांधावा लागतो. वर्षानुवर्षं हे न कंटाळता करणारा माणूस ही वही लिहिणाऱ्यासारखाच असतो.

पैशाचं मात्र त्याला स्पष्ट सांगा. नुसता संघाचा कोच बऱ्याच ठिकाणी मानधनावर किंवा कंत्राटावर असतो. कायम नोकरी असते ती कॉलेज-विद्यापीठातल्या शारीरिक शिक्षण संचालकाची. त्यासाठी पदवी, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), मग ५५ टक्क्यांनी एम.पी.एड. (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. शिवाय तिथे सगळेच खेळ बघावे लागतात, कागदपत्रंही खूप असतात. दिवसभर फुटबॉल मिळेल या समजुतीत त्याने राहू नये. कोचिंगचं शिक्षण म्हणून पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) एक वर्षाची पदविका आहे, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे कोचिंगचे परवाने.

बँकेच्या ज्या परीक्षांवर तुमची भिस्त आहे, त्या आयबीपीएसच्या, म्हणजे बँकांसाठी भरती घेणाऱ्या संस्थेच्या, परीक्षांनाही आधी पदवी लागतेच. म्हणजे पुढची तीन वर्षं तुम्हा दोघांचा रस्ता एकच आहे. भांडण कशाचं चाललंय? बी.कॉम.ला घाला. कॉलेज निवडताना मैदान आहे का आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना संघ जातो का, ते आधी विचारा. तिथे त्याने खेळायलाच हवं, पुढे पटियालाला तो अनुभव मागतात.

बूट आज संध्याकाळीच परत द्या, बावीस पोरं वाट बघत असतील. पुढचं पत्र त्याला लिहू दे. सोबत त्या वहीची आणखी चार पानं पाठवायला सांगा.