मित्र की अभ्यास? वहीतला कोरा रकाना

जुलै-ऑगस्ट आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पुण्यात बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलंमुली थोड्याफार फरकाने तेच विचारतात, "मॅडम, अभ्यासाला बसलं की मित्र दुरावतात आणि मित्रांबरोबर गेलं की अभ्यास बोंबलतो. काय सोडू?" त्याच दिवसांत एकांकिका स्पर्धांच्या तालमी, ढोलपथकांचे सराव आणि गणपतीच्या आगेमागे इन-सेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा. प्रश्न पडणारच.

ओळख लपवून त्यातलीच एक गोष्ट सांगते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, मराठवाड्यातली. पहिल्या वर्षाचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिलेला. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली पाहून मी विचारलं, "ढोल वाजवतेस?" चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली.

"घरी माहीत नाही. पथक सोडलं की होईल ना सगळं नीट?"

"सोडायचं ते नंतर बघू. आधी आठवडाभर रोज रात्री दोन रकाने भर. कुठे होतीस आणि मनात काय चाललं होतं."

तिने वही अगदी प्रामाणिकपणे भरली होती. नदीपात्रात सात ते नऊ सराव. मग टपरीवर चहा, मग कुणाच्या तरी गाडीवरून आणखी कुठेतरी, रूमवर पोचायला बारा, पुढे एकपर्यंत ग्रुपवरचे व्हिडिओ. टपरीसमोरच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सबमिशन राहिलंय.' आणि जेव्हा ती रूमवर पुस्तक उघडून बसली होती तेव्हाचं, 'सगळे टपरीवर असतील.' सरावाच्या दोन तासांपुढे मात्र रोज रकाना कोरा.

"इथे काही लिहिलं नाहीस?"

"तिथे दुसरं काही सुचतच नाही मॅडम. ताशाकडे लक्ष नसलं की हात चुकतो."

"मग तुझा वेळ ढोल खातोय का?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं, हे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते.

"टपरी खातेय," ती म्हणाली. "आणि मला तिथे थांबायचंही नसतं."

"मग थांबतेस का?"

"निघाले तर म्हणतील भाव खाते. पुढच्या वेळी विचारणार नाहीत."

गाठ इथे होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केली की, प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी धरलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो. 'मित्र दुरावले तर वाईट वाटेल' हे खरंच आहे. 'ते दुरावताच कामा नयेत, मला सहनच होणार नाही' हा हट्ट. एवढा फरक कळल्याने जितकी मुलं मोकळी झालेली मी पाहिली, तितकी कुठल्याही टाइमटेबलने झालेली पाहिली नाहीत.

"समज, नाही विचारलं. मग?"

"एकटी पडेन. रडेन."

"रडून झाल्यावर?"

तिला हसू आलं. "सकाळी आठचं लेक्चर असतं मॅडम. तिथे जाईन."

तिला एकच काम दिलं. आठवड्यातून दोनदा सरावानंतर सरळ 'निघते' म्हणायचं. डोकं दुखतंय, घरून फोन आलाय, असलं काही सांगायचं नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी 'आली मोठी टॉपर' म्हणून टोमणा मारला, पण पुढच्या सरावाला तिला बोलावणं आलंच. पुढे एकदा ती निघाली, तर दुसरी एक मुलगी 'थांब, मीपण येते' म्हणत उठली. इन-सेमला ३०पैकी गुण बेताचेच पडले. एम-टू मात्र सुटला, आणि मिरवणुकीत तिने ढोलही वाजवला.

सगळं सोडून स्वतःला खोलीत कोंडून घेणारी मुलंही मी पाहते. ती अभ्यास करतात असं नाही, फोनवर इतरांचे फोटो बघतात. म्हणून जायचं तर मनापासून जा, पण परतायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा; ऐन रंगात आलेल्या गप्पांतून उठणं कुणालाही जड जातं. चौघांच्या रूमवर अभ्यास होत नसेल तर अभ्यासिकेत बसा. ७० गुणांची एंड-सेम, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, शेवटच्या आठवड्यातल्या जागरणांवर सोपवू नका. आठवडाभराची वही एकदा तरी लिहून बघा, तुमचा चोर वेगळाच निघेल कदाचित.

पालकांनो, फोनवर 'अभ्यास झाला का'च्या जोडीला 'आज कुणाबरोबर जेवलास' हेही विचारा. पथकाची गोष्ट घरी लपवावी लागणार नाही.

आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नकोसं, ना मित्रांत मन रमतं ना पुस्तकात, असं असेल तर तो वेळेच्या ओढाताणीचा प्रश्न नव्हे. तेव्हा वही बाजूला ठेवा आणि थेट भेटायला या. रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.