सिरियल पोर्टवरचा हरवलेला बाइट

प्रश्न : रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डाला पीएमएस ५००३ हा धूलिकण मोजणारा सेन्सर जोडून मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. सेन्सरचे पॅकेट ३२ बाइटांचे असल्यामुळे मी दर वेळी पोर्टवरून ३२ बाइट वाचतो आणि ठरलेल्या जागेवरचे दोन बाइट जोडून पीएम २.५ चे मूल्य काढतो. बोर्ड चालू होताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो आणि अनेक दिवस नीट चालतो. मात्र मधूनच, विशेषतः दुसऱ्या खिडकीत तोच प्रोग्रॅम मी हाताने चालवून पाहिल्यानंतर, ३५ च्या आसपासचे मूल्य एकदम ८९६० दिसू लागते आणि बोर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत तसलेच आकडे येत राहतात. सेन्सर बिघडला आहे का?

उत्तर : सेन्सर बिघडलेला नाही, आणि त्याचा पुरावा आपण कळवलेल्या आकड्यातच आहे. ८९६० ला २५६ ने भागून पाहा. भागाकार बरोबर ३५ येतो. हा सेन्सर प्रत्येक मूल्य दोन बाइटांत पाठवतो आणि त्यांतला वरच्या किमतीचा बाइट आधी येतो. म्हणजे ३५ हे मूल्य तारेवरून ० आणि ३५ असे येते, आणि त्यामागून येणाऱ्या मूल्याचा पहिला बाइटही, ते मूल्य २५६ पेक्षा लहान असल्यामुळे, ० च असतो. आपला प्रोग्रॅम एक घर पुढे सरकला की त्याच्या हाती ० व ३५ या जोडीऐवजी ३५ व ० ही जोडी पडते, आणि ३५ गुणिले २५६ म्हणजेच ८९६०.

हे सरकणे नेमके कशामुळे होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. सिरियल जोडणीत प्रत्येक बाइटाच्या आधी एक स्टार्ट बिट आणि नंतर एक स्टॉप बिट असतो, त्यामुळे बाइट कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे हार्डवेअरला कळते. पॅकेट कोठे सुरू झाले हे मात्र त्याला कळण्याची काहीच सोय नाही. पोर्टच्या दृष्टीने सेन्सरकडून येते ती बाइटांची एक अखंड रांग. त्या रांगेतून डोळे मिटून बत्तीस-बत्तीस मोजून घेणारा प्रोग्रॅम एकही बाइट हरवला नाही तोवरच बरोबर असतो. एक हरवला की त्यानंतरचे प्रत्येक पॅकेट एका घराने चुकते, आणि ती चूक आपोआप कधीच दुरुस्त होत नाही.

बाइट हरवण्याचे कारणही आपल्याच पत्रात आहे. लिनक्समध्ये, म्हणजे आपल्या बोर्डावरच्या कार्यप्रणालीत, एकच पोर्ट दोन प्रोग्रॅम एकाच वेळी उघडू शकतात, पण आलेला बाइट दोघांना मिळत नाही. जो आधी वाचेल तो घेऊन जातो. आपण प्रोग्रॅमची दुसरी प्रत चालवली तेवढ्या वेळात तिने पहिलीच्या वाटचे काही बाइट उचलले. ते एक असोत वा तेहतीस, परिणाम सारखाच होतो. पुन्हा सुरू केल्यावर सगळे सुरळीत होते ते केवळ सुदैवाने : ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटाचे दहा बिट मोजले, तर ३२ बाइटांना सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात आणि पुढचे पॅकेट येईपर्यंत तार शांत असते. वाचन बहुधा त्या शांत वेळात सुरू होते, म्हणून पॅकेटची सुरुवात अचूक सापडते.

खरा उपाय वाचण्याची पद्धत बदलण्यात आहे. जितके बाइट आले असतील तितके वाचून एका बफरच्या (बाइट तात्पुरते साठवण्याच्या जागेच्या) शेवटी जोडत जा. या सेन्सरचे प्रत्येक पॅकेट ६६ आणि ७७ या दोन बाइटांनी सुरू होते. बफरमध्ये ती जोडी शोधा आणि तिच्या आधीचे सगळे टाकून द्या, मात्र शेवटचा बाइट एकटा ६६ असेल तर तो ठेवा, कारण त्याचा जोडीदार अजून वाटेत असू शकतो. तेथून ३२ बाइट जमले की पुढचे दोन बाइट लांबी म्हणून २८ सांगतात का ते पाहा, आणि पहिल्या ३० बाइटांची बेरीज शेवटच्या दोन बाइटांतल्या चेकसमशी (सेन्सरनेच पाठवलेल्या तपासणीच्या बेरजेशी) ताडून पाहा. जुळली तरच मूल्य घ्या आणि ते ३२ बाइट बफरमधून काढा. जुळली नाही तर बफरच्या तोंडचा फक्त एक बाइट टाका आणि शोध पुन्हा सुरू करा. येथे पुष्कळ जण सगळे ३२ बाइट टाकून देतात, आणि ती मोठी चूक आहे. ६६ व ७७ ही जोडी मोजमापांच्या मधेही योगायोगाने येऊ शकते, आणि खरे पॅकेट त्या टाकलेल्या बाइटांतच सुरू झालेले असू शकते.

याच्या जोडीला, पायसिरियल या पायथॉनच्या लायब्ररीने पोर्ट उघडताना ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे त्याच प्रोग्रॅमची दुसरी प्रत पोर्ट उघडतानाच त्रुटी देऊन थांबेल. मूल्ये बघायची असतील तर पहिल्या प्रतीने ती फाइलमध्ये लिहावीत आणि आपण ती फाइल वाचावी.

ज्या वाचकांना पहिल्या दिवसापासूनच तुटक माहिती मिळते, त्यांनीही असाच एक दुसरा वाचणारा शोधावा. रास्पबेरी पायवर त्या पोर्टला लॉगिनचा कन्सोल जोडलेला असू शकतो, आणि तोही बाइट खातो. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये सिरियल पोर्टच्या पानावर लॉगिन शेलला ‘नाही’ आणि हार्डवेअरला ‘होय’ असे उत्तर देऊन बोर्ड पुन्हा सुरू करावा.

प्रश्न : माझ्याकडे नऊ पिनांचा आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असलेला जुना वजनकाटा आहे. त्याच्या तारा बोर्डाच्या आठ आणि दहा क्रमांकाच्या (सिरियल पोर्टच्या) पिनांना थेट जोडल्या तर चालतील का?

उत्तर : कृपया तसे करू नका. बोर्डाच्या या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टसुद्धा त्यांना सोसत नाहीत. आरएस-२३२ मध्ये तर तारेवर अधिक ३ ते १५ आणि उणे ३ ते १५ व्होल्ट असा दाब असतो, आणि माहिती येत नसतानाही तार उण्या दाबावर उभी असते. म्हणजे काटा एक अक्षरही पाठवण्याआधी बोर्डाच्या पिनेला इजा होऊ शकते. रेझिस्टर लावून दाब कमी केला तरी काम होत नाही, कारण आरएस-२३२ मध्ये ० आणि १ यांचे अर्थही उलटे असतात. मधे मॅक्स ३२३२ ही चिप असलेला छोटा बोर्ड लावा आणि त्याला ३.३ व्होल्टचाच पुरवठा द्या. तो दाब आणि उलटेपणा दोन्ही सांभाळतो. ग्राउंड जोडायला विसरू नका.

यूएसबी-सिरियल केबल वापरली तर पिनांची चिंताच उरत नाही. फक्त ती आरएस-२३२ साठीचीच असावी, टीटीएलची (३.३ किंवा ५ व्होल्टच्या सिरियल पिनांसाठीची) नव्हे. एकाहून अधिक केबली असतील तर बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचे क्रमांक अदलाबदल होऊ शकतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘टीटीवाययूएसबी शून्य’ असे नाव न लिहिता डेव्ह फोल्डरमधल्या ‘सिरियल’ खालच्या ‘बाय-आयडी’ फोल्डरातले लांब नाव लिहा. ते केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून तयार होते, त्यामुळे केबल कोणत्याही सॉकेटमध्ये लावली तरी तेच राहते.