पोटातील कळ : गॅसची की पित्ताशयाची?

प्रश्न : माझे वय 48 वर्षे आहे. लग्नकार्यातील तळलेल्या, तुपकट जेवणानंतर रात्री उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते. ओवा व सोडा घेतल्यावर दोन तासांनी थांबते. हा गॅसच असावा, असे घरचे म्हणतात. पित्ताशयाचे दुखणे वेगळे कसे ओळखावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ जागेवरून निदान करू नये, कारण मोठ्या आतड्याचे एक वळण यकृताच्या अगदी खाली असते आणि तेथे अडकलेला वायूही उजव्या बरगडीखालीच दुखतो. वेदनेची चाल मात्र बरेच सांगून जाते. गॅसची कळ येते-जाते, जागा बदलते, पोट फुगून गुडगुडते आणि वायू सरल्यावर किंवा शौचास झाल्यावर बहुधा हलके वाटते. पित्ताशयाची वेदना चढत जाऊन एका पातळीवर टिकते, साधारण अर्ध्या तासापासून पाच-सहा तास राहते, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत पोहोचते, आणि कूस बदलून, ढेकर देऊन वा वायू सरूनही उतरत नाही. सोबत मळमळ किंवा उलटी होऊ शकते.

स्निग्ध अन्नाने पित्ताशय आकुंचन पावते आणि आतील खडा तोंडाशी अडकला की वेदना सुरू होते. तो मागे सरकला की ती आपोआप थांबते; त्यामुळे त्या वेळी घेतलेल्या ओव्याला श्रेय मिळते, इतकेच. आपले वर्णन मला पित्ताशयाकडे झुकणारे वाटते. उपाशीपोटी पोटाची सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. मात्र खडे दिसले म्हणून प्रत्येक पोटफुगीचा दोष त्यांच्यावर टाकू नये, कारण पुष्कळांना खडे असूनही आयुष्यभर त्रास होत नाही आणि पित्ताशय काढल्याने गॅसची तक्रार जाईलच असे नाही. खड्यांमुळे अशी कळ वारंवार येत असेल, तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेचा विचार शल्यचिकित्सकांशी बोलून करावा.

वेदना सहा तासांहून अधिक टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर ओवा-सोड्यात वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण हृदयविकाराचा झटकाही कधीकधी पोटाच्या वरच्या भागातील दुखण्याच्या रूपाने येतो.