पाच जणांचे भाड्याचे ऑफिस आणि 75,000 रुपये : पैसा आधी कशावर खर्च करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : लातुरात 11 महिन्यांच्या करारावर घेतलेली, गच्चीच्या लगेच खालची 12 × 24 फुटांची खोली, दार पूर्वेला, उत्तरेच्या लांब भिंतीत दोन खिडक्या, करसल्लागार आणि विमा प्रतिनिधी यांच्याकडे दिवसभर माणसे येणार, उरलेले तिघे संगणकावर काम करणार, हाताशी एकूण 75,000 रुपये. सुताराने पीओपीचे छत, काचेच्या दोन केबिन आणि सनमायकाची टेबले धरून जो अंदाज दिला आहे तो याच्या दुप्पट असल्याने काटछाट नेमकी कुठे करावी, असे आपण विचारले आहे.

मी लातूर, नांदेड, परभणी भागात लहान कार्यालयांच्या अंतर्गत रचनेची कामे करतो. माझ्या मते या अंदाजपत्रकात काटछाट करत बसू नये, ते बाजूला ठेवून नव्याने मांडावे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तीन वाजता खोलीत बसवते की नाही, वीज गेल्यावर काम चालते की नाही आणि संध्याकाळी पाठ दुखते की नाही, यावर ऑफिस टिकते. आधी ऊन, मग वायरिंग आणि उजेड, मग खुर्च्या, आणि उरलेल्या पैशात टेबले व कपाटे, असा क्रम मी धरीन. पीओपी आणि काच या यादीत येत नाहीत, कारण करार संपला की दोन्हीपैकी काहीच सोबत नेता येत नाही. नांदेडच्या एका ऑफिसातून निघालेल्या केबिनच्या काचा मी पाहिल्या आहेत. त्या मापाची गरज दुसऱ्या कुणालाच नव्हती, म्हणून त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या.

गच्चीखालच्या खोलीत उष्णतेचे मूळ स्लॅबमध्ये असते. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ खाली उष्णता सोडत राहतो. पीओपीच्या छताने त्यातली थोडी अडते हे खरे, पण तोपर्यंत ती स्लॅबमध्ये शिरलेली असते. त्याऐवजी घरमालकाची परवानगी घेऊन होळीच्या सुमारास गच्ची झाडून-धुऊन घ्यावी आणि तिच्यावर चुन्याचे दोन दाट हात द्यावेत. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळला तर तो लवकर पोपडत नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो, त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापतो. पावसाळ्यात हा थर बराचसा निघून जातो आणि दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, तरी या सगळ्या कामात इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारे दुसरे काही मला माहीत नाही. कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, पण त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. शिवाय तो दिवसाला काही घागरी पाणी पितो, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना पाण्याचा हिशेब मी वेगळा सांगायला नको. पंख्यांवरच भर द्यावा. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास, आणि वीज गेल्यावर हा फरक फार मोलाचा ठरतो. असे दोन पंखे, 20 वॅटच्या चार एलईडी ट्यूब, राउटर आणि तीन लॅपटॉप असा भार साधारण 300 वॅटचा होतो. इन्व्हर्टरला जोडलेल्या 150 अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर तो तीन तासांहून थोडा अधिक चालतो.

वायरिंगसाठी भिंती फोडू नयेत. केसिंग-पट्टी (तारा झाकणारी प्लास्टिकची पट्टी) वरून फिरवावी. ती दिसते, पण सरळ रेषेत आणि भिंतीच्याच रंगात असली की खटकत नाही. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची आणि प्लगना 2.5 चौरस मिलिमीटरची तार, प्रत्येक टेबलाशी दोन प्लग, चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), यात एक रुपयाही वाचवू नये. छत पांढरे आणि भिंती फिक्या ठेवल्या तर अशा सहा ट्यूबमध्ये खोलीभर पुरेसा उजेड येतो; वीज गेल्यावर त्यांतल्या चारच बॅटरीवर ठेवाव्यात. कागदपत्रे बारकाईने वाचणाऱ्या करसल्लागाराला तेवढा एक टेबललॅम्प द्यावा.

आता मांडणी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, म्हणून तिच्याशी कुणाचीही बैठक ठेवू नये. तिथे दीड फूट खोलीची कपाटे आणि स्लॉटेड अँगलचे रॅक लावले की कागदांची सोय होते आणि भिंतीची धगही माणसांपर्यंत कमी येते. दाराजवळचे आठ फूट लोक येणाऱ्या दोघांना द्यावेत : एक टेबल उत्तरेच्या भिंतीला, एक दक्षिणेच्या भिंतीला, मधे चार फुटांची वाट. मधल्या चौदा-साडेचौदा फुटांत उरलेल्या तिघांची टेबले उत्तरेच्या भिंतीला काटकोनात, एकामागे एक लावावीत, म्हणजे खिडकी बाजूला येते, पडद्यावर चकाकी पडत नाही आणि उत्तरेचा स्थिर उजेड दिवसभर मिळतो. त्यांच्यासमोर दक्षिणेकडे जी जागा उरते ती सर्वांची.

टेबलासाठी 19 मिलिमीटरचा 8 × 4 फुटी प्लाय घ्यावा. त्यातून 4 × 2 फुटांचे चार पृष्ठभाग काहीही वाया न जाता निघतात. पाचवा दुसऱ्या शीटमधून काढावा आणि तिच्या उरलेल्या भागात सामाईक टेबल व दोन फळ्या बसवाव्यात. पाय स्क्वेअर पाइपचे, जमिनीपासून टेबलाची उंची 29 ते 30 इंच, आणि फॅब्रिकेटरला आधीच बजावावे की चौकट वेल्डिंगने एकसंध न करता नट-बोल्टने जोडायची, म्हणजे जागा बदलताना ती उकलून टेम्पोत घालता येईल. सनमायका टाळून प्लायच्या कडांना लाकडी पट्टी मारून वर पॉलिश केले तरी ते सुरेख दिसते. खाली शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर काही अंथरू नये. घासून पॉलिश केलेली शहाबादी उन्हाळ्यात पायाला गार लागते, आणि मला ती कोणत्याही चकचकीत टाइलपेक्षा देखणी वाटते.

केबिनची मागणी बहुधा खाजगी बोलण्यासाठी असावी. अर्ध्या उंचीच्या काचेने आवाज अडत नाही. त्यासाठी छताला भिडणारी भिंत आणि घट्ट बसणारे दार लागते, जे या रकमेत होणार नाही. खोलीतला घुमारा मात्र कमी करता येतो : दक्षिणेच्या भिंतीवर कापड ताणून बसवलेला सॉफ्टबोर्ड आणि खिडक्यांना जाड खादीचे पडदे. उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते; पडद्यापुरते जाड कापड तुम्हाला जवळच्या खादी भांडारात मिळेल. गुप्त बोलणे गच्चीच्या जिन्यात करावे, किंवा दुपारचा ठरावीक तास इतरांनी जेवणासाठी बाहेर जायचा असे ठरवावे.

खुर्च्या जुन्या घेतल्या तरी चालतील, फक्त प्रत्येक खुर्चीवर दहा मिनिटे बसून ती हळूहळू खाली जाते का ते पाहावे आणि उलटी करून पायांच्या चांदणीला तडा नाही ना हे तपासावे. कपाटात प्रत्येकाला स्वतःच्या कुलपाचा एक कप्पा हवाच. करसल्लागाराकडे दुसऱ्यांची कागदपत्रे असतात. खरेदी सुरू होण्याआधी एका वहीत कोणती वस्तू कोणाच्या पैशातून आली, कोणती सामाईक आहे आणि मधेच कुणी सोडून गेल्यास त्याला किती रक्कम परत द्यायची, हे लिहून पाचही जणांनी सह्या कराव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणी घालायचे, हेही त्याच वहीत नावानिशी लिहावे.