कॉल लागला की स्क्रीन रीडरचा आवाज कुठे जातो?

गेल्या अंकात फोनवरच्या स्क्रीन रीडरबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि व्हॉइस मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर होते, कॉल चालू असतानाचा आवाज. म्हणून या वेळी फक्त तेच घेतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्क्रीन रीडर म्हणजे दिसत नाही किंवा कमी दिसतं अशा माणसाला स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. मी स्वतः रोज टॉकबॅकवरच असते.

प्रश्न : ताई, कॉल चालू असताना टॉकबॅकचा आवाज इतका बारीक होतो की बँकेच्या हेल्पलाइनवर "मराठीसाठी अमुक दाबा" म्हटलं की बोटाखाली कुठला आकडा आहे तेच कळत नाही, तोवर तिकडून "आपण कोणताही पर्याय निवडला नाही" येतं आणि कॉल कट. कॉल संपला की टॉकबॅक परत ठणठणीत. दुकानदार म्हणतो स्पीकर गेलाय, बदलावा लागेल. बदलू का? (वाचक, मिरज)

उत्तर : दादा, अजिबात बदलू नका. कॉल नसताना टॉकबॅक ठणठणीत बोलतोय म्हणजे स्पीकर चांगला आहे. होतं काय, की कॉल लागला की फोन आवाजाची वाटच बदलतो. एरवी टॉकबॅक खालच्या मोठ्या स्पीकरमधून बोलतो, कॉलमध्ये मात्र समोरच्याचा आवाज आणि बऱ्याच फोनवर टॉकबॅकचाही आवाज वरच्या बारक्या इयरपीसमधून यायला लागतो, आणि तो इयरपीस कानाला लावून ऐकण्यासाठीच बनवलेला असतो, आकडा दाबायला फोन कानापासून काढून समोर धरलात की तो कसा ऐकू येणार.

दुसरं म्हणजे फोनमध्ये आवाज एकच नसतो. रिंगचा वेगळा, गाण्या-व्हिडिओचा वेगळा, अलार्मचा वेगळा, कॉलचा वेगळा आणि २०१७ साली अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासून ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे टॉकबॅकचासुद्धा वेगळा. त्याआधी टॉकबॅक गाण्यांच्याच आवाजाला बांधलेला होता, गाणं कमी केलं की बिचारा तोही कमी. आता वर आणखी एक गोष्ट अशी की फोन हे आवाज प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र लक्षात ठेवतो, मोठ्या स्पीकरसाठी एक, इयरपीससाठी एक, वायरच्या इयरफोनसाठी एक, ब्लूटूथसाठी एक. म्हणून कॉल नसताना तुम्ही टॉकबॅक फुल करून ठेवलात तरी कॉलमध्ये तो बारीक निघू शकतो, आणि कॉलमध्ये घाईघाईत बाजूचं बटन दाबलंत तर बहुतेक वेळा वाढतो तो कॉलचा आवाज, टॉकबॅक आहे तिथेच राहतो.

तेव्हा आवाज लावायचा तो कॉल चालू असतानाच लावायचा. घरातल्या कुणाला तरी फोन लावा, त्यांना सांगा दोन मिनिटं काही बोलू नका फक्त कॉल चालू ठेवा. मग स्क्रीनवर बोट फिरवत राहा म्हणजे टॉकबॅक बोलत राहील, आणि तो बोलत असतानाच व्हॉल्यूम वाढवायचं बटन दाबा. बऱ्याच फोनवर तो बोलत असताना बटन दाबलं की त्याचाच आवाज वाढतो, तो गप्प असताना दाबलं की कॉलचा. तुमच्या फोनवर तसं होत नसेल तर बटन एकदा दाबल्यावर आवाजाची जी पट्टी येते तिच्याजवळ सेटिंग्जचं किंवा तीन टिंबांचं बटन सापडेल, त्यावर डबल टॅप केलं की सगळ्या पट्ट्या उघडतात, त्यातली ॲक्सेसिबिलिटीची पट्टी वर न्या. फोनच्या कंपनीप्रमाणे ही जागा थोडी इकडेतिकडे असते, पण पट्टी असते. फक्त दोन्ही व्हॉल्यूम बटनं एकत्र दाबून धरू नका, शॉर्टकट चालू असेल तर तीनेक सेकंदांत टॉकबॅकच बंद होईल. झालाच बंद तर घाबरू नका, तीच दोन बटनं परत तशीच धरा, चालू होतो.

आता हेल्पलाइनचं. सगळे जण एकच सांगतात, स्पीकर ऑन करा. घरात एकटे असाल तर करा की. पण बँकेचं बोलणं, शिल्लक किती, हप्ता किती थकलाय, हे सगळं चार माणसांत स्पीकरवर ऐकवायची वेळ फक्त दिसत नाही म्हणून आपल्यावर यावी हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नका. वायरचा माइकवाला साधा इयरफोन घ्या, एक बाजू कानात, फोन समोर, कीपॅड उघडा. तिकडची बाई पण ऐकू येते आणि टॉकबॅक पण, आणि शेजारच्याला काही कळत नाही.

आणि एक युक्ती जी फारच कमी लोकांना माहितीये. हेल्पलाइनवर दर वेळी तेच आकडे दाबायचे असतील, भाषेसाठी एक, खात्याच्या माहितीसाठी दुसरा, तर तो नंबर कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करतानाच नंबरनंतर स्वल्पविराम टाका आणि पुढे तो आकडा लिहा, परत स्वल्पविराम, परत आकडा. स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांबा. जास्त थांबायचं असेल तर दोन-तीन स्वल्पविराम सलग टाका. कीपॅडवर स्वल्पविराम सापडत नसेल तर डायलरच्या मेनूत 'विराम' किंवा 'पॉज' असा पर्याय बघा. मग फोन स्वतःच ते आकडे दाबतो, तुम्हाला कीपॅड शोधायलाच नको. मेनू बदलला की हे परत लिहावं लागतं, आणि त्यात पिन, कार्ड नंबर, पासवर्ड असलं काही कधीही टाकायचं नाही, कॉन्टॅक्ट बरीच ॲप वाचत असतात.

प्रश्न : ताई माझं बरोब्बर उलटं आहे. मी बीएससी कॉम्प्युटरला आहे. मैत्रीण बोलत असते आणि मध्येच टॉकबॅक तिच्यावर ओरडतो, मेसेज आला, बॅटरी इतकी, असलं सगळं. ऑडिओ डकिंग चालू केलं तरी फरक नाही. शिवाय फोन वाजतो तेव्हा रिंगटोनमध्ये कुणाचा फोन आहे ते ऐकूच येत नाही. खरं सांगू का, राग येतो, हे बनवणाऱ्यांनी कधी डोळे मिटून फोन वापरून बघितलाय का? (वाचक, नांदेड)

उत्तर : राग येणारच गं. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते तुला आवडेल. टी. व्ही. रामन हे नाव शोध. पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, पुण्यातच वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी. गूगलमध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी बघायला न लागता फोन वापरता यावा म्हणून जे काम केलं त्यातूनच टॉकबॅक आला, २००९ मध्ये, अँड्रॉइड १.६ च्या वेळी. म्हणजे बनवणाऱ्यांत न बघता वापरणारा माणूस अगदी पहिल्यापासून होता. तू कॉम्प्युटरला आहेस म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता डकिंग. डकिंग म्हणजे टॉकबॅक बोलताना बाकीचा आवाज दबतो, पण बाकीचा म्हणजे गाणी, व्हिडिओ, हे. कॉलमधला माणसाचा आवाज त्यात येत नाही, म्हणून तुला फरक पडला नाही आणि पडणारही नाही. तुला करायचंय ते इतकंच की वर मिरजच्या दादांना सांगितलं तेच, फक्त उलट्या दिशेने, कॉल चालू असताना टॉकबॅकचा आवाज खाली आण, मैत्रिणीचा स्पष्ट ऐकू येईल आणि टॉकबॅक मागे कुजबुजल्यासारखा राहील इतका. मध्येच काही वाचायला लागला तर दोन बोटांनी एकदा टॅप कर, गप्प होतो. आणि महत्त्वाचा कॉल असेल, इंटरव्ह्यू वगैरे, तर आधी डू नॉट डिस्टर्ब लावून घे, नोटिफिकेशनची कटकट निम्मी कमी होते.

रिंगटोनचं सोपं आहे. फोन वाजायला लागला की व्हॉल्यूमचं कुठलंही एक बटन एकदाच दाब, रिंग गप्प होते पण कॉल कट होत नाही, तिकडच्याला रिंग जातच राहते. मग निवांत बोट फिरवून नाव ऐक, घ्यायचा असेल तर दोन बोटांनी डबल टॅप. त्याच दोन बोटांच्या डबल टॅपने कॉल संपतोही, म्हणून बोलता बोलता स्क्रीनशी चाळा करू नकोस. गूगलच्या फोन ॲपमध्ये नाव मोठ्याने सांगायची वेगळी सोय आहे, ती आणि टॉकबॅक दोन्ही एकदम नाव सांगत असतील तर गोंधळ होतो, दोन्हीपैकी एकच ठेव.

प्रश्न : माझ्याकडे आयफोन आहे. लोकलमध्ये बोलत असताना फोन कानापासून जरा हलला की आपोआप स्पीकर चालू होतो आणि अख्ख्या डब्याला माझ्या घरचं बोलणं. सासूबाईंच्या रिपोर्टबद्दल बोलत होते हो मी. (वाचक, ठाणे)

उत्तर : हे मुद्दाम दिलेलं आहे, बिघाड नाही. व्हॉइसओव्हर चालू असला की फोन कानापासून दूर गेल्यावर आयफोन समजतो की आता तुम्हाला स्क्रीनवर काही करायचंय, म्हणून तो आवाज स्पीकरवर घेतो. घरी फार उपयोगाचं आहे, लोकलमध्ये नाही. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ऑडिओ, तिथे कॉलमध्ये आपोआप स्पीकर निवडण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. तसंच ॲक्सेसिबिलिटीमध्येच टच मध्ये कॉल ऑडिओ राउटिंग म्हणून आहे, तिथे स्पीकर निवडलेला असेल तर ऑटोमॅटिकवर आणा.

व्हॉइसओव्हरचा आवाज कॉलमध्ये कमी-जास्त करायला रोटर, म्हणजे व्हॉइसओव्हरची सेटिंग निवडायची जणू चकती, वापरा, दोन बोटं गोल फिरवून व्हॉल्यूमवर या आणि एका बोटाने वर-खाली स्वाइप करा. रोटरमध्ये व्हॉल्यूम येतच नसेल तर व्हॉइसओव्हरच्या सेटिंगमध्ये रोटर उघडून त्याला टिक करा. आणि कधी कॉलनंतर व्हॉइसओव्हर एकदमच मुका झाला, नुसते टकटक आवाज येतायत, तर बहुतेक तीन बोटांनी चुकून डबल टॅप झालेला असतो, त्याने बोलणं बंद होतं. परत तसाच डबल टॅप करा. झूम पण चालू असेल तर ट्रिपल टॅप. अंध मुलांच्या पालकांचे "फोन बिघडला" म्हणून जे फोन येतात त्यात हे फार असतं, बिघडलेलं काही नसतं.

प्रश्न : ब्लूटूथ हेडसेटवर कॉल आला की टॉकबॅक घोगरा, डब्यातून बोलल्यासारखा येतो, आणि कधी येतच नाही. हेडसेट नवीन आहे. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ब्लूटूथ दोन पद्धतीने आवाज नेतं. गाण्यांसाठी चांगल्या दर्जाची पद्धत, पण त्यात आवाज फक्त फोनकडून कानाकडे जातो. कॉलमध्ये माइकही लागतो, म्हणून ते दुसऱ्या, खास कॉलसाठीच्या पद्धतीवर जातं, तिथे आवाजाची रुंदी खूप कमी, जुन्या हेडसेटवर तर ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा आवाज मोजला जातो, जरा नव्यांवर सोळा हजार वेळा. माणसाचं बोलणं त्यात कळतं, पण टॉकबॅकची वेगवान भाषा चिरडते. त्यामुळे घोगरेपणा हेडसेट बदलून फारसा जाणार नाही. कॉलपुरता बोलण्याचा वेग जरा कमी करा, खूप फरक पडतो. येतच नसेल तर कॉलच्या स्क्रीनवर ऑडिओचं बटन शोधून एकदा इयरपीस आणि परत ब्लूटूथ निवडा. व्हॉट्सॲप कॉलनंतर कधी फोन कॉलच्याच पद्धतीत अडकून राहतो, कॉल संपला तरी टॉकबॅक इयरपीसमधूनच बारीक बोलतो, तेव्हा टॉकबॅक बंद-चालू करा, नाहीतर फोनच रीस्टार्ट. रस्त्यावर चालताना वापरायचा असेल तर कान उघडे ठेवणारा, गालाच्या हाडावर बसणारा हेडसेट बघा, गाड्यांचा आवाज ऐकू येणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : आईला दिसत नाही, वय ७०. बोलणं झालं की फोन कानापासून काढते पण टॉकबॅक काहीच बोलत नाही, स्क्रीनला हात लावला तरी नाही, कॉल कट करता येत नाही. (वाचक, चिपळूण)

उत्तर : आवाजाचा प्रश्न वाटतोय पण तो सेन्सरचा असेल. वरच्या बाजूला प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, फोन कानाला लागला की तो स्क्रीन आणि टच बंद करतो, गालाने बटनं दाबली जाऊ नयेत म्हणून. त्यावर जाड टफन ग्लास, कव्हरची कड किंवा नुसती घाण आली की फोनला वाटत राहतं कान अजून तिथेच आहे. ग्लास काढून बघा, मऊ कापडाने पुसा. फरक पडला तर सेन्सरच्या जागी मोकळी असलेली ग्लास लावा.

शिवाय ॲक्सेसिबिलिटीमध्ये पॉवर बटनाने कॉल संपवायचा पर्याय आहे, तो आईंसाठी चालू करा, स्क्रीन शोधायलाच नको. मात्र मग बोलताना फोन धरायची पद्धत त्यांना एकदा हातात देऊन दाखवा, पॉवर बटनावर बोट नको. तुमच्याकडे कधी आयफोन आला तर तिथे बाजूचं बटन असंच कॉल कापतं, ते नको असेल तर ॲक्सेसिबिलिटीतल्या टच मध्ये बंद करता येतं, आयओएस १६ पासून.